जितं आणि सुकं

कोकणातल्या गावात भाताची खाचरं खाली वहाळाच्या कडेला असतात, घरं मधल्या पट्टीत आंबा-फणसाच्या सावलीला, आणि त्यांच्या वर कातळ लागेपर्यंतचा सगळा उतार म्हणजे वरकस. महसुलाच्या लेखी ती हलकी जमीन. घराला मात्र तिच्यावाचून चालत नसे. नाचणी, वरी, हरीक तिथे पिकायचे. दोन-तीन वर्षं पीक घेतलं की तो तुकडा विसाव्याला सोडायचा आणि शेजारच्या तुकड्यावर जायचं. सोडलेल्या तुकड्यात ऐन आणि किंजळ पुन्हा फुटायचे. त्यांची कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडून वाळवायची आणि तिनं भाताची दाढ, म्हणजे रोपं तयार करायची जागा, भाजायची. गवत गुरांना, आणि मनगटाहून जाड जे काही सुटेल ते चुलीला.

आमच्या दापोली तालुक्यात, आणि पलीकडे मंडणगड-खेडलाही, आता वरकसात शिरायला वाट सापडत नाही. नाचणी थांबली, गुरं गेली, दाढ भाजणारी घरं मोजकी उरली. माणसं आधी मुंबईच्या गिरणगावात गेली, मग विरार-नालासोपाऱ्यापर्यंत पसरली. सातबाऱ्यावर नावं वाढत गेली आणि जमिनीवर पावलं कमी होत गेली. पुरुषभर उंचीची रानमोडी, तिच्यातून वर आलेली घाणेरी, करवंदीच्या एकमेकींत गुंतलेल्या जाळ्या, आणि या सगळ्याच्या आत कुठेतरी जुने बांध, मोडकळीला आलेले गडगे, आणि एकाच बुंध्यातून पाच-सहा खोडं फुटलेले ऐन. पूर्वी दर काही वर्षांनी ज्यांच्या डोक्यावर कोयता फिरायचा, त्या झाडांना कुणी हात लावत नाही, आणि ती एकमेकांच्या सावलीत अवघडून वाढताहेत.

मी या रानात सरपणासाठी जातो. घरात गॅस आहे, चहा-भाजी त्यावरच होते. पण न्हाणीतल्या चुलीवर हंडा रोज तापतो, कुळीथ-वाल शिजायला चूल लागते, लग्नकार्य किंवा गणपती आले की परसात चुलवण मांडावं लागतं, आणि पावसाळ्यात वीज गेली, रस्ता खचला, सिलिंडरची गाडी चार दिवस आली नाही, तर घराचा भरवसा पडवीतल्या लाकडांवरच असतो. आमच्याकडे वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मृगाच्या आत जे लाकूड छपराखाली आलं नाही ते थेट दिवाळीपर्यंत विसरायचं.

या कामात माझे गुरू शेजारचे आप्पा. आता त्यांना चढ चढवत नाही. तरी वहाळापर्यंत येतात आणि खालून सूचना देतात. सुरुवातीला चैत्रात त्यांच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा समोर एक पान नसलेला, करड्या फांद्यांचा ऐन उभा होता.

“आप्पा, हा सुकलेला दिसतोय. घालू कुऱ्हाड?”

“दिसतो म्हणून काय झाला? बारीक फांदी खरवड आदी.”

ऐनाच्या बुंध्याची साल मगरीच्या पाठीसारखी, खोल भेगांनी चौकटी पडलेली. तिथे नख चालत नाही. म्हणून बोटाएवढी फांदी खाली ओढली आणि कोयत्याच्या टोकानं हलकेच खरवडली. वरचा करडा पापुद्रा निघाला आणि खाली ओलसर, कच्च्या कैरीच्या रंगाची रेघ दिसली.

“जिता हाय तो. पानं टाकून उभा हाय. चैतात सगलेच मेल्यावानी दिसतात.”

ऐन, किंजळ ही पानझडीची झाडं. उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात आणि नेमकी त्याच वेळी माणसं लाकडं आणायला निघतात. मेलेलं झाड आणि विश्रांती घेणारं झाड त्या दिवसांत शेजारी शेजारी सारखीच दिसतात. त्यामुळे आप्पांची रीत अशी, की सुकं झाड भाद्रपद-आश्विनात बघून ठेवायचं. तेव्हा सगळं रान पानांनी भरलेलं असतं. जे झाड तेव्हाही बोडकं, ते खरोखर गेलेलं. त्याच्या बुंध्यावर कोयत्याची खूण करायची आणि माघात, रानमोडी वाळून वाट मोकळी झाली की तोडायला यायचं. हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. आणि एकदा कळल्यावर लक्षात आलं की सरपण हे उन्हाळ्याचं काम नाहीच. ते वर्षभराचं आहे. पावसात बघायचं, थंडीत तोडायचं, उन्हात वाळवायचं, आगोटीला, पावसाच्या तोंडावर, भरायचं. जो फक्त उन्हाळ्यात येतो त्याच्या हातून जितं झाड पडण्याची भीती जास्त.

उभं सुकं झाडही सगळंच आणायचं नसतं. पोकळ खोड आप्पा सोडून द्यायला लावतात. “पोकल झाडात कुनीतरी ऱ्हातंच,” एवढंच त्यांचं कारण. मी नंतर थांबून बघू लागलो. वाळक्या फांदीला खालच्या बाजूनं गोल भोक, त्यातून तांबटाचं डोकं. दुसऱ्या खोडात पिंगळ्याची जोडी. सुतार पक्षी तर मेलेल्या लाकडातल्या अळ्यांवर बराच जगतो. रानातलं सगळं मेलेलं लाकूड चुलीकडे वळवलं तर यांचा संसार उठेल. शिवाय पोकळ लाकडाला इंगळ धरत नाही, भपकन जळून राख होतं. म्हणजे ते सोडण्यात चुलीचंही नुकसान नाही. गावाच्या देवराईत तर वाऱ्यानं पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक देवरायांत बेहड्याचे प्रचंड वृक्ष उभे आहेत, त्यांच्या ढोलीत धनेश अंडी घालतो, ते या एका बंधनामुळे. मला ही रचना फार समजूतदार वाटते: एक रान हात न लावण्याचं, एक रान हात लावण्याचं, आणि दोन्हींच्या मधली हद्द सगळ्यांना ठाऊक.

लाकडा-लाकडात फरक आहे आणि चूल तो लपवत नाही. वजनाच्या हिशेबानं पाहिलं तर बहुतेक सगळी वाळलेली लाकडं किलोमागे जवळपास सारखीच उष्णता देतात. पण पांगारा किंवा सावरीचा ओंडका हातात हलका आणि तेवढ्याच आकाराचा ऐन खांद्याला रग लावणारा. ऐन, किंजळ, जांभूळ, खैर ही भरीव लाकडं सावकाश पेटतात आणि त्यांचा निखारा टिकतो. रात्री राखेखाली झाकलेला ऐनाचा इंगळ पहाटे फुंकणीनं पुन्हा जागा होतो. बिब्ब्याला मात्र कुणी हात लावत नाही, त्याच्या चिकानं अंगावर फोड उठतात. वड, पिंपळ, उंबर चुलीत घालत नाहीत. खैर जाळणं जिवावर येतं, कारण त्याच्या गाभ्यापासून काथ होतो. चिपळूणकडे काथाचे कारखाने आहेत आणि त्या मागणीपोटी चोरटी तोडही होते.

कायद्याचीही एक यादी आहे. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड अधिनियमानं साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, मोह अशी काही झाडं अनुसूचीत घातली. स्वतःच्या जमिनीतलंही यांतलं झाड पाडायचं तर परवानगी लागते. गावात अनेकांना हा जाच वाटतो. मला वाटत नाही. ऐन वाढायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं, पाडायला हल्लीच्या कटर मशीनला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो. या दोहोंच्या मध्ये एखादा अर्ज असावा.

परवानगीची गरज नसलेलंही पुष्कळ लाकूड माजलेल्या रानात असतं. गडग्यावर वाढलेला गिरिपुष्प, सरकारी लागवडीतून उडून आलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ. ही दोन्ही मी मनसोक्त तोडतो. गिरिपुष्प तोडावा तितका फुटतो आणि वाळल्यावर छान जळतो. ऑस्ट्रेलियन बाभूळ तोडली की तिच्या सावलीत दडपलेली कुंभ्या-कुड्याची रोपं मान वर काढतात. बाकी पडलेलं लाकूड. दर पावसाळ्यात काही झाडं उन्मळतात, काही खोडं वेलींच्या ओझ्यानं मोडतात. ती शोधायला बेणणी करत, झुडपं तोडून वाट काढत, आत जावं लागतं. कमरेच्या आकडीत कोयता, पायात बूट, हातात काठी. काठी आधी, पाऊल मागून. पडक्या ओंडक्याखाली फुरसं असू शकतं, आणि विंचू तर असतोच.

विंचवाला आमच्याकडे हसण्यावारी नेत नाहीत. लाल विंचवाच्या दंशानं पूर्वी मुलंच्या मुलं जायची. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 पासून काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशाचा पाठपुरावा केला, हृदयावर आणि फुप्फुसांवर त्याचा काय परिणाम होतो ते नोंदवलं, आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या गोळीनं माणसं वाचतात हे दाखवून दिलं. ज्या दंशानं शंभरातले चाळीस दगावायचे तिथे मृत्यू एखाद्यावर आले. लाकडं रचलेली पडवी असलेल्या कोकणातल्या प्रत्येक घरावर त्यांचे उपकार आहेत. तरी ओंडका उचलण्याआधी तो पायानं लोटून उलटा करायचा, मगच हात घालायचा, ही शिस्त मी मोडत नाही.

फोडणं हा या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग. ओंडक्याचे दीड-दीड हाताचे तुकडे पाडलेले असतात. एक तुकडा उभा करायचा आणि आधी नुसतं त्याच्या तोंडाकडे बघायचं. वाळताना लाकूड आक्रसतं आणि गाभ्यापासून सालीकडे भेगा पडतात. लाकडानं आपण कुठे उकलणार ते त्या भेगांत आधीच सांगितलेलं असतं. सर्वांत लांब भेग निवडायची आणि तिच्यावर घाव घालायचा. जिथे फांदी फुटली होती तिथली गाठ खालच्या अंगाला ठेवायची, नाहीतर कुऱ्हाड तिच्यात रुतून बसते. पहिला घाव बसतो तेव्हा आवाज बद्द येतो. दुसरा, तिसरा तसाच. मग एकदम आवाज कोरडा, उंच होतो आणि तुकडा दोन बाजूंना पडतो. आत ऐनाचा गाभा गडद तपकिरी, मध्ये काळसर रेघा. बाहेरचा पांढुरका थर वाळवी खाते, गाभ्याला सहसा शिवत नाही. किंजळ बरेचदा पिळलेला निघतो. त्याला लोखंडी पाचर लागते, घणानं ती हळूहळू आत उतरवावी लागते, आणि पीळ धागा-धागा सुटताना करकर ऐकू येते. माझ्या कुऱ्हाडीला तिवसाचा दांडा आहे, आप्पांच्या वडिलांनी तासलेला. फाळ बदलला, दांडा तोच आहे.

ओलं लाकूड जाळणं म्हणजे पाणी जाळणं. ताज्या तोडलेल्या खोडाच्या वजनात निम्मं पाणी असू शकतं, आणि ऐन तर आपल्या बुंध्यात पाणी साठवूनच ठेवतो. ते पाणी वाफ होऊन जाईपर्यंत चुलीची धग त्यातच खर्च होते, वर धूर. म्हणून फोडलेल्या फोडी आडव्या-उभ्या, मध्ये वारा खेळेल अशा रचायच्या आणि दोन-तीन महिने ऊन द्यायचं. वाळलं की नाही हे आमच्या काकी कानानं ओळखतात. दोन फोडी एकमेकींवर आपटतात. ठणठणीत वाजल्या तर आत, नाहीतर पुन्हा अंगणात.

काकींचं नाव घेतलं तर त्यांची बाजूही लिहायला हवी. रानात कुऱ्हाड चालवणं मला आनंदाचं, कारण ते माझ्या इच्छेचं आहे. त्यांच्यासाठी ती सक्ती होती. पहाटे निघून डोंगराच्या माथ्यापर्यंत जायचं, मोळी बांधायची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि उतारावर पाय रोवत यायचं, पोटात मूल असतानाही. मग त्याच लाकडाच्या धुरात तीन वेळचं रांधायचं. वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांचा खोकला आणि लाल डोळे ही त्या धुराची देणगी आहे. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली, त्यानंतर आमच्या वाडीतही घरोघर 14.2 किलोची टाकी आली. तरी 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात स्वच्छ इंधनावर रांधणारी घरं शेकडा 43 च्या आसपासच होती. स्वयंपाकघरातली चूल विझली पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चुलीवरच्या भाकरीची चव सांगून कुणी बाईला पुन्हा धुरात बसवू नये. मी बोलतोय ते परसातल्या, न्हाणीतल्या, उघड्यावरच्या विस्तवाबद्दल, आणि त्यासाठी पुरुषांनी उचललेल्या ओझ्याबद्दल.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा सरपणाचा सगळा हिशेबच उलटा झाला. श्रीवर्धन, मुरूडपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या किनाऱ्यावर एका दुपारी बागाच्या बागा आडव्या झाल्या. पोफळी मधूनच मोडल्या, माड पडले, आज्या-पणज्यांनी लावलेली हापूसची आणि रायवळ आंब्याची झाडं मुळासकट उन्मळून पडली. मागोमाग पाऊस सुरू झाला. पायाशी पडलेल्या लाकडाच्या राशी आणि त्यांतलं पेटवायला काहीच नाही, अशी अवस्था. आंब्याचं लाकूड भिजलं की लवकर कुजतं, बुरशी चढते. काही खोक्यांसाठी गेलं, काही मिळेल त्या भावानं विकलं गेलं, पुष्कळसं जागेवर माती झालं. आमच्या वाडीनं एक गोष्ट चांगली केली. पडलेल्या आंब्यांचे जाड ओंडके गावकीनं एकत्र करून स्मशानशेडजवळ पत्र्याखाली रचले. आमच्याकडे मर्तिक झालं की वाडीतल्या प्रत्येक घरचा माणूस एक-एक लाकूड घेऊन येतो. त्या वर्षी, आणि पुढेही, लोक आपापलं लाकूड आणायचेच, पण खालचा थर त्या वादळातल्या झाडांचा असायचा. ज्या म्हाताऱ्यांनी ती झाडं शिंपून वाढवली होती त्यांतले काही त्यांच्यावरच गेले.

होळीला मुलं लाकडं चोरतात ती रीत अजून टिकून आहे, आणि शिमग्यात फाक पंचमीपासून रोजच्या होळ्या पेटतात, तेव्हा मी पडवीच्या तोंडाशी गिरिपुष्पाची एक मोळी मुद्दाम ठेवतो. आत ऐनापर्यंत त्यांनी जाऊ नये म्हणून.

मात्र हल्ली रस्त्यानं जे लाकूड जातं ते ना चुलीचं, ना होळीचं. हिवाळा लागला की ट्रक दिसू लागतात, फळ्यांच्या वरपर्यंत रचलेले, भट्ट्यांकडे आणि कारखान्यांच्या बॉयलरकडे निघालेले. मालक मुंबईला, जमीन पडीक, ठेकेदार फोन करतो, डोंगराचा अख्खा उतार एका रकमेला ठरतो. मग मशिनी येतात आणि जितं, सुकं, पोकळ, वाकडं असा भेद न करता सगळं खाली येतं. यावर एक उत्तर नेहमी मिळतं की ऐन-किंजळ पुन्हा फुटतात. फुटतात हे खरं आहे, बुंध्यातून धुमारे येतात, जुन्या कवळतोडीची सगळी मदार त्यावरच होती. पण कवळ तोडणारा फांद्या घ्यायचा, खोड ठेवायचा, आणि एका वर्षी सगळा डोंगर कधीच घ्यायचा नाही. सगळा उतार एकदम उघडा पडला की पहिल्या पावसात माती वहाळात येते, आणि धुमाऱ्यांच्या आधी रानमोडी उभी राहते. कोळशाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या कातकऱ्यांच्या वाट्याला यातून काय येतं हे बघायचं असेल तर त्यांच्या उचलीचा हिशेब बघावा, दरवर्षी फिटतो आणि दरवर्षी पुन्हा उभा राहतो.

आमच्या वरकसासाठीही यंदा असा फोन आला. चुलतभावाला आला, नालासोपाऱ्याला. त्यानं मला कळवलं.

“दादा, रक्कम बरी देतोय. तसंही तिथे कोण जातंय?”

“मी जातो,” मी म्हटलं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. त्याचंही चुकीचं नाही. घराचे हप्ते त्याच्या डोक्यावर आहेत, आणि त्या उतारावर त्यानं शेवटचं पाऊल ठेवलं तेव्हा तो शाळेत होता. मी त्याला सांगितलं की मे महिन्यात ये, मुलांना घेऊन ये. पण उन्हाळ्यात कळणार नाही काही, सगळी झाडं सारखी दिसतील. म्हणून जमलं तर गणपतीला दोन दिवस जास्त काढ. गौरी-गणपती गेले की आपण वर जाऊ, कोणतं सुकलंय ते बघू, खूण करू. ते लाकूड विकून जे येईल ते तुझं. उरलेल्याचं आपण बसून ठरवू. सातबाऱ्यावर अजून बरीच नावं आहेत, त्या सगळ्यांना मी याच अर्थाचा निरोप पाठवला आहे. दोघांचं उत्तर आलं आहे. एकीनं विचारलं आहे की चढाला आता वाट आहे का. त्यामुळे या आठवड्यात वहाळापासून जुन्या नाचणीच्या बांधापर्यंत बेणणी काढायला घेतली आहे, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील इतकी रुंद.